अंडी कुठली, असं चेन हॉटेलला विचारायचं कसं

मी सदतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा तक्रार विभागात. लोक चिडून जी पत्रं लिहितात, ती फोडायचं काम माझं. कुठल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर जातं, कुठलं फायलीत झोपतं आणि कुठलं चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून हसण्यावारी नेलं जातं, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूनं पाहिलंय. निवृत्तीनंतर बाहेरच्या बाजूला आलो. गेलं दीड वर्ष पुण्यातल्या चार चेन हॉटेलांना मी एकच प्रश्न विचारतोय: तुमच्याकडची अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची की मोकळ्या? मॉर्निंग वॉकमधले दोघेतिघे म्हणाले, आम्हालाही लिहायचंय, कसं लिहायचं ते सांग. म्हणून हे.

खूळ कुठून आलं ते आधी सांगतो. माझा मावसभाऊ सुरेश याची विट्याच्या बाजूला लेयरची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची, पोल्ट्री आहे. वास्तुशांतीला गेलो होतो, जेवण झाल्यावर सहज शेडमध्ये डोकावलो. तारेचे तीन मजली पिंजरे, समोर खाद्याची पन्हळ, तळ पुढच्या बाजूला उतरता. अंडं घातलं की ते आपोआप घरंगळत बाहेरच्या खोबणीत येतं. अमोनियानं डोळे चुरचुरले. एक कोंबडी मान बाहेर काढून खात होती. तिला मागं वळायचं होतं, तर शेजारणीच्या पाठीवर पाय देऊन वळावं लागलं, आणि शेजारीण हललीसुद्धा नाही. सुरेशकडून टेप मागून घेतली आणि मोजलं. अठरा इंच बाय पंधरा इंच, आत चार कोंबड्या. म्हणजे एकीच्या वाट्याला साधारण ४३५ चौरस सेंटिमीटर. बँकवाल्याला ए-फोर कागद पटकन डोळ्यांसमोर येतो. तो ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. अठराव्या-विसाव्या आठवड्यापासून पुढं वर्षभराहून जास्त दिवस ती कोंबडी त्या पाऊण कागदावरून उतरत नाही.

सुरेश माझ्याकडे बघत होता. म्हणाला, “दादा, मलाबी दिसतंय ते. आबांच्या वेळी तुसावर, डीप लिटरवरच होत्या की कोंबड्या. पण त्याला माणूस जास्त लागतं. खाली घातलेलं अंडं घाण होतं, फुटतं, कधी कोंबडीच खाऊन टाकती. रोगराईवर लक्ष ठेवाय लागतं. एवढं करून मला जादा पैसं कोण देणार? सकाळी एनईसीसीचा रेट येतो, तो पिंजऱ्यातल्या अंड्याला बी तोच आन मोकळ्याला बी तोच. तू गिऱ्हाईक आण, मी पिंजरं काढतो.”

(ही एनईसीसी म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, ‘संडे हो या मंडे’वाली. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं सुरू झाली आणि तिचं मुख्य ऑफिस आमच्या पुण्यातच आहे.)

परतीच्या एसटीत मी हिशेब करत बसलो. आमच्या घरी महिन्याला दीड ट्रे, म्हणजे पंचेचाळीस अंडी. मी उद्यापासून मोकळ्या कोंबड्यांची अंडी आणली तरी सुरेशचा एक पिंजरा रिकामा होणार नाही. पण जी चेन पन्नास शाखांत रोज सकाळी ऑम्लेट करते, केक विकते, ती वर्षाचा करार करू शकते, दर ठरवून देऊ शकते. मग सकाळच्या रेटशी शेतकऱ्याला घेणंदेणं उरत नाही. तेव्हा पत्र लिहायचं ते तिथं.

कुणाला लिहायचं, कुणाला नाही

भुर्जीच्या गाडीवाल्याला छळू नका. तो त्याच्या गल्लीतल्या दुकानातून ट्रे उचलतो, त्याच्या हातात काही नाही. कोपऱ्यावरच्या इराण्यालाही सोडा. चेन पाहिजे: कॉफी आणि केकवाली, नाश्त्याचा बुफे लावणारी मोठी हॉटेलं, बिर्याणीत उकडलेलं अंडं देणारी, एग रोलवाली. आणि आधी अंडं आहे का ते बघा. आपल्याकडे गंमत अशी की शाकाहारी गिऱ्हाइकासाठी कितीतरी ठिकाणी मेयोनीजच बिनअंड्याचं असतं. मॅकडोनाल्डनं भारतात ते तसंच ठेवलंय. मेयोनीजमधल्या अंड्यांबद्दल तावातावानं पत्र लिहायचं आणि उलट टपाली ‘आमच्यात अंडंच नाही’ असं उत्तर घ्यायचं, ही फजिती माझी पहिल्याच पत्रात झाली.

मग त्या कंपनीनं आधी काही वचन दिलंय का ते शोधा. हे काम कंटाळवाणं आहे पण यात अर्धा दिवस घालवा. जगभर पुष्कळ कंपन्यांनी अशी वचनं दिलेली आहेत, कारण तिकडची गिऱ्हाइकं आणि संस्था वर्षानुवर्षं मागं लागल्या. मॅकडोनाल्डनं सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर केलं की दहा वर्षांत अंडी केज-फ्री, म्हणजे पिंजऱ्यात न ठेवलेल्या कोंबड्यांची, करू. त्या वेळी त्यांची एकट्या अमेरिकेतली खरेदी वर्षाला दोनशे कोटी अंड्यांच्या आसपास होती. पुढच्या काही महिन्यांत तिथल्या एकामागून एक चेननी तशीच घोषणा केली. २०२४ च्या सुरुवातीला मॅकडोनाल्डनं अमेरिकेपुरतं काम मुदतीआधी पूर्ण झाल्याचं सांगितलं. आता हेच वचन तक्रार विभागाच्या चष्म्यातून वाचा. त्यात देश दोनच होते, अमेरिका आणि कॅनडा. फर्ग्युसन रस्त्यावरच्या शाखेत ते कागद नाचवून उपयोग नाही.

उलट केएफसी आणि पिझ्झा हटची मूळ कंपनी यम ब्रँड्स हिनं २०२१ मध्ये जे जाहीर केलं ते सगळ्या जगासाठी होतं: काही देशांत २०२६, बाकी सगळीकडे २०३०. अशा कंपनीला ‘आमचा देश कुठल्या यादीत आणि आज काम कुठवर आलं’ हे विचारता येतं. तारखेचंही तसंच. बर्गर किंगनं २०१२ मध्ये अमेरिकेसाठी २०१७ ची तारीख दिली होती. ती गेली आणि पुढं २०२५ आली. कर्जदार हप्त्याची तारीख वाढवून मागतो तेव्हा आम्ही पहिल्यांदा हेच विचारायचो, की बाबा, आजपर्यंत भरलेस किती? कंपनीलाही तेच विचारायचं.

तेव्हा वचन वाचताना देश, तारीख आणि अंड्याचा प्रकार, एवढं वहीत उतरवून घ्या. प्रकार यासाठी, की कवचासकट येणारी अंडी वेगळी, फोडून डब्यात येणारं पातळ अंडं वेगळं आणि बेकरीवाल्याकडून तयार केकमधून येणारं वेगळं. वचन पहिल्याचं आणि माल दुसऱ्या-तिसऱ्याचा, असंही होऊ शकतं.

शब्दांत फसू नका

केज-फ्री म्हणजे कोंबडी शेडमध्ये जमिनीवर, तुसावर, अंडी घालायला खोके, बसायला दांडे. ती बाहेर उन्हात फिरते असं नाही. फिरत असेल तर त्याला फ्री रेंज म्हणतात. ‘हर्बल’, ‘ओमेगा थ्री’, ‘व्हेज फीड’ हे सगळं कोंबडी काय खाते त्याबद्दल आहे, कुठं राहते त्याबद्दल काही नाही. तपकिरी कवच हा कोंबडीच्या जातीचा गुण, तपकिरी अंडी देणारी कोंबडी पिंजऱ्यातही असते. आणि ‘गावरान’ हा शब्द तर पुण्यात कुणीही कशावरही लावतो.

माझी मुलगी नेदरलँड्सला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा ऑम्लेट करायला अंडं घेतलं तर त्यावर शिक्का, पहिला आकडा २. युरोपात प्रत्येक अंड्यावर तो असतो: शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे बाहेर फिरणारी, दोन म्हणजे शेडमधली मोकळी, तीन म्हणजे पिंजऱ्यातली. तिकडे आपल्या सुरेशसारखे साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद झाले. तिसऱ्या क्रमांकात आता मोठे, दांड्या-खोक्यांचे पिंजरे तेवढे येतात. मी त्या अंड्याचा फोटो काढला, मुलगी म्हणाली, “बाबा, लोक ट्युलिपचे काढतात.” आपल्याकडे अंड्यावर असं काही छापत नाहीत, म्हणून तर पत्र लिहावं लागतं.

पत्र

माझ्या नोकरीतली दोन पत्रं सांगतो. एक गृहस्थ अकरा पानी पत्र पाठवायचे, लाल शाईनं, अधोरेखित. त्यात गव्हर्नरला कळवीन, वर्तमानपत्रात देईन, तुमच्या मॅनेजरची वागणूक, पंखा बंद, सगळं. त्यांचं नेमकं म्हणणं काय हे आम्हाला कधीच कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही शोधलंही नाही. दुसऱ्या एक शिक्षिका. पोस्टकार्ड. ‘अमुक तारखेला माझ्या खात्यातून चाळीस रुपये वजा झाले. कशाबद्दल, ते कळवावे.’ पंधरा दिवसांनी दुसरं कार्ड, वर ‘स्मरणपत्र १’. मग २, मग ३. चौथ्याला आमच्या साहेबांनी दोन माणसं बसवून चाळीस रुपये शोधले. कारण ‘कळवावे’ला उत्तर एकच होतं, आणि फाइल उघडली की चार कार्डं एकाखाली एक दिसत होती.

मी त्या बाईंची नक्कल करतो. माझं पत्र असं असतं:

विषय: आपल्या पुण्यातील शाखांत वापरल्या जाणाऱ्या अंड्यांबाबत

महोदय,
मी आपल्या कर्वे रस्त्यावरील शाखेचा नियमित ग्राहक आहे. मागील तीन बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आपण विकत घेत असलेल्या एकूण अंड्यांपैकी किती टक्के अंडी पिंजऱ्यात न ठेवलेल्या कोंबड्यांची आहेत? कवचासह येणारी अंडी आणि केक इत्यादी तयार मालातून येणारी अंडी यांचे आकडे स्वतंत्र कळवावेत. आज आकडा शून्य असल्यास, तो कोणत्या वर्षापर्यंत किती करण्याचे ठरले आहे तेही कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर मिळावे ही विनंती.

बस. इंग्रजीत लिहिता येत असेल तर इंग्रजीत लिहा, नाहीतर मराठीत बिनधास्त. मला मराठी पत्राला इंग्रजीत उत्तर आलंय. बिलं जोडायला विसरू नका. बिल म्हणजे हा माणूस खरोखर पैसे देतो याचा पुरावा, आणि तक्रार विभागात तो पहिल्यांदा बघतात. ‘तुम्ही काहीच करत नाही’ असं लिहू नका, त्यावर वाद घालता येतो. ‘किती टक्के’ यावर घालता येत नाही.

कायद्याचं कलम घालू का, असं एकानं विचारलं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात कलम ११ मध्ये आहे, की जनावराला हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा. विधी आयोगानंही जुलै २०१७ मध्ये आपला २६९ वा अहवाल याच विषयावर दिला. हे तुम्ही वाचून ठेवा, पण पहिल्या पत्रात लिहू नका. कलम दिसलं की पत्र कायदा विभागात जातं, आणि तिथून ‘प्रकरण विचाराधीन आहे’ याखेरीज काही बाहेर येत नाही. तुम्हाला खरेदी खात्याचं उत्तर पाहिजे.

पत्ता कुठला? काउंटरवरच्या पोराला काही विचारायचं असेल तर एवढंच, की हेड ऑफिसचा पत्ता काय. तो बारा तास उभा असतो, त्याला कोंबड्यांचा जाब विचारू नका. गुगलवर न खाल्लेल्या पदार्थाला एक तारा देऊन येऊ नका, ते खोटं आहे आणि शाखेच्या मॅनेजरच्या पगाराला लागतं. नाव अमेरिकेचं असलं तरी अंडी विकत घेणारी कंपनी बहुतेकदा इथली असते. पश्चिम आणि दक्षिण भारतातली मॅकडोनाल्ड चालवते वेस्टलाइफ फूडवर्ल्ड, बर्गर किंग चालवते रेस्टॉरंट ब्रँड्स एशिया, आणि दोन्ही शेअर बाजारात आहेत. अशा ठिकाणी तिकडची कंपनी म्हणते खरेदी इथले करतात, इथली म्हणते धोरण तिकडचं. यावर बँकेतला जुना उपाय आहे. पत्र एकच, पत्ते दोन, आणि खाली स्पष्ट लिहायचं: ‘प्रत माहितीसाठी’, पुढं दुसऱ्याचा पत्ता. दोघांनाही कळतं की दुसऱ्याच्या टेबलावर हाच कागद आहे.

कंपनी शेअर बाजारात असेल तर आणखी सोय आहे. सेबीच्या नियमानं बाजारमूल्यात पहिल्या हजार कंपन्यांना दरवर्षी बीआरएसआर नावाचा, म्हणजे समाज आणि पर्यावरणाबद्दलच्या जबाबदारीचा, अहवाल द्यावा लागतो. तो उघडा आणि ‘एग’ शब्द शोधा. सापडला नाही तर तेच पत्रात लिहा. मी तर अशाच एका कंपनीचा एक शेअर घेतला. एक शेअर असला तरी वार्षिक सभेची नोटीस एकवीस दिवस आधी येते आणि बोलण्यासाठी नाव नोंदवता येतं. सभा व्हिडिओवर होती. माझं नाव पुकारलं आणि मी दीड मिनिट छान बोललो, माईक बंद ठेवून. नात धावत आली, तिनं चालू केला, तोवर शेवटचं वाक्य उरलं होतं: “तर ही टक्केवारी कृपया सांगावी.” अध्यक्ष म्हणाले, कशाची? मी म्हटलं, अंड्यांची. हशा झाला, पण तिसऱ्या दिवशी कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसातून फोन आला, की आजोबा, तुमचा प्रश्न लेखी पाठवता का?

उत्तर आल्यावर

पहिलं उत्तर बहुधा असं असतं: ‘आम्ही प्राणी कल्याणाला अत्यंत महत्त्व देतो.’ हे मी स्वतः शेकड्यांनी पाठवलंय, प्राण्यांच्या जागी ग्राहक घालून. त्याला पोच समजा, उत्तर समजू नका. त्यांनी दिलेला संदर्भ क्रमांक घालून, आपल्या पत्राची तारीख घालून, ‘स्मरणपत्र १’ पाठवा. मजकूर बदलू नका. आवाज चढवू नका.

दुसरं उत्तर: ‘असा पुरवठा उपलब्ध नाही.’ हे आलं की मी खूश होतो, कारण आता पत्र खरेदी खात्यानं वाचलंय. लगेच विचारायचं, महिन्याला अंडी किती लागतात, आणि किती पुरवठादारांकडे विचारणा केली? सुरेशसारख्याला हाच आकडा पाहिजे असतो. एका चेननं मला तो कळवला, मी तो सुरेशला कळवला. तो म्हणाला, “एवढं एकट्याला जमणार न्हाई, पण हजार पक्षी तुसावर घालून बघतो.” आता एक शेड तसं केलंय त्यानं. पहिल्या महिन्यात कोंबड्या खोके सोडून कोपऱ्यात अंडी घालत होत्या आणि वहिनी रोज सकाळी वाकून वाकून वेचत होत्या. त्यांचं माझ्याबद्दलचं मत मी इथं लिहीत नाही.

तिसरं उत्तर: ‘दर वाढतील.’ हे खोटं नाही. मोकळ्या कोंबड्यांचं अंडं महाग पडतंच. मी लिहितो, एका ऑम्लेटमागे किती वाढतील ते सांगा, मी देईन की नाही ते ठरवतो. अजून कुणी सांगितलं नाही.

आणि घरातून येणारा प्रश्न: मग अंडी खाऊच नका की! आमची ही शाकाहारी, तिचं म्हणणं हेच. मी मात्र रविवारी अंड्याची आमटी सोडलेली नाही. खाणाराच विचारतो म्हणून तर कंपनी ऐकते. न खाणाऱ्याचं बिल कुठून जोडणार?

एक गोष्ट मात्र उशिरा कळली. माझा पुतण्या हिंजवडीला आहे. त्यांच्या कंपनीतलं कँटीन आणि मीटिंगांचे नाश्ते बघणाऱ्या बाईंना त्यानं फक्त एवढं सुचवलं, की पुढच्या निविदेत अंड्यांची टक्केवारी विचारा. त्यांनी एक ओळ घातली. माझ्या चार पत्रांना जे सात महिने लागले, ते त्या ओळीला तीन आठवडे लागले, कारण पाच पुरवठादारांना ऑर्डर हवी होती. तुमच्या ओळखीत कुणी ऑफिसचं जेवण, कॉलेजची मेस, लग्नाचं केटरिंग ठरवत असेल, तर माझ्यासारखं पोस्टात जाण्याआधी त्यांच्याकडे चहाला जा.

फाइल मात्र ठेवा. माझी निळी बॉक्स फाइल आहे, आवक डावीकडे, जावक उजवीकडे. कॉफी-केकवाल्या चेनचं चौथ्या पत्राला उत्तर आलं, ते डावीकडे सगळ्यात वर आहे: पुण्यातल्या शाखांत कवचासकट येणारी अंडी आता शंभर टक्के मोकळ्या कोंबड्यांची. केक बाहेरच्या बेकरीतून येतात, त्यांच्याबद्दल ‘चर्चा चालू आहे’. मी आभाराचं पत्र पाठवलं, तेही लगेच. तक्रार विभागात वर्षाला दोन आभाराची पत्रं यायची आणि आम्ही ती भिंतीला लावायचो. ‘चर्चा चालू आहे’ला पंधरा दिवस येत्या सोमवारी होतात. पाकीट तयार आहे. विषय: केकमधील अंडी. स्मरणपत्र १.